विनोद करणाऱ्यांनो, तुम्ही चुकीच्या माणसांना घाबरताय

मराठी विनोदी कार्यक्रमांचे लेखक, नट, दिग्दर्शक आणि हे कार्यक्रम दाखवणाऱ्या वाहिन्या यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अडखळत बोलते. लहानपणापासून बोलते आणि आता ते जाईल अशी वाट पाहणंही सोडून दिलं आहे. पत्राचं कारण आधीच सांगते. तुमच्या प्रहसनांत अडखळत बोलणारं एक पात्र येतं, हमखास हशा घेतं आणि निघून जातं. ते जसं येतं तसं येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी मला बंदी नको आहे, गुन्हा दाखल व्हायला नको आहे, कुणाच्या तोंडाला काळं फासलेलं नको आहे आणि हात जोडून माफी मागणारा व्हिडिओही नको आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी वाटू शकतात, हे हल्ली कुणाला पटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ते पात्र बहुधा पुरुष असतं. घरगडी, मुलगी बघायला आलेला नवरदेव, नाहीतर कोर्टातला साक्षीदार. त्याला काहीतरी तातडीचं सांगायचं असतं. पहिलं अक्षर तो पाच-सात वेळा म्हणतो. समोरचा नट तो शब्द आपल्या मनाने पुरा करतो आणि चुकवतो. पुन्हा पहिलं अक्षर, पुन्हा चुकीचा शब्द. तिसऱ्या खेपेला अर्ध्यावर तुटलेल्या शब्दातून काहीतरी चावट बाहेर पडतं, प्रेक्षागृह फुटतं आणि कॅमेरा डोळे पुसत हसणाऱ्या पाहुण्यांवर जातो. शेवटी समोरचा वैतागून त्याच्या पाठीत एक धपाटा घालतो आणि तो घडाघडा बोलायला लागतो. त्यावर दुसरा हशा. नावं बदलतात, कपडे बदलतात, वाहिनी बदलते, हा साचा काही बदलत नाही.

आता खरं काय होतं ते सांगते, कारण तुमच्यापैकी फार थोड्यांनी ते जवळून पाहिलं असेल.

समजा मला ‘प’ म्हणायचा आहे. ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. मागे हवा दाटते, मान ताठ होते, पण आवाज येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की बाई गप्प आहे, विचार करतेय, किंवा हिला उत्तरच माहीत नाही. दोन-तीन सेकंद जातात. समोरच्याची नजर आधी माझ्या ओठांवर येते, मग घाईने दुसरीकडे वळते, आणि त्या वळण्यावरून मला कळतं की आता त्याला समजलं. तेच अक्षर पुन्हा पुन्हा म्हटलं जाणं हा या अडखळण्याचा एक प्रकार आहे. आवाज लांबत जाणं हा दुसरा. आणि असं पुरतं अडून बसणं हा तिसरा, जो रंगमंचावर कधीच दिसत नाही, कारण शांततेवर हशा येत नाही.

मोठेपणी आम्ही शब्द चुकवण्यात तरबेज होतो. ‘पाणी’ अडणार हे वाक्य सुरू होण्याआधीच आतून कळतं, मग आम्ही ‘तहान लागलीये’ म्हणतो. दिवसभर हे चालू असतं, बोलता बोलता पुढचं वाक्य तपासत राहायचं आणि अडणारा शब्द काढून तिथे दुसरा बसवायचा. फोनवर ‘हॅलो’ अडला की पलीकडचा माणूस फोन ठेवून देतो. आणि स्वतःचं नाव तर बदलताच येत नाही. त्यामुळे आमच्यातल्या पुष्कळांना सगळ्यात अवघड जातं ते स्वतःचं नाव सांगणं, आणि नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न नेमका तोच असतो.

अडखळणं बहुतेकदा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं. साधारण वीसातलं एक मूल कधी ना कधी अडखळतं, त्यातली बहुतेक मुलं मोठी होताना त्यातून सुटतात, आणि प्रौढांमध्ये शंभरात सुमारे एक जण राहतो. मोठ्यांमध्ये पुरुषांचं प्रमाण बायकांच्या चौपटीच्या आसपास असतं. हे घराण्यात चालत येतं; त्याच्याशी जोडलेली काही जनुकंही संशोधकांना सापडली आहेत. बोलण्यासाठी ओठ, जीभ, श्वास यांच्या हालचाली मेंदू जिथे जुळवतो, तिथे हा फरक आहे. घाबरट स्वभावामुळे ते जडत नाही, दुसऱ्याची नक्कल केल्याने लागत नाही आणि पाठीत धपाटा घातल्याने जात नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. शंभरात एक धरला तरी दहा लाखांच्या वर माणसं होतात. तुमच्या कार्यक्रमाचा एक भाग लागतो तेव्हा त्यातले किती जण घरच्यांबरोबर सोफ्यावर बसून तो बघत असतील, याचा विचार करा. घरचे हसतात आणि मग एकदम हसायचं थांबतात. ते थांबणं हसण्यापेक्षा जास्त लागतं.

मला तो धपाटा सगळ्यात जास्त खटकतो. अक्षर पुन्हा पुन्हा म्हणणं निदान कशाची तरी ओबडधोबड नक्कल आहे. धपाट्याने वाचा सुटणं ही मात्र शुद्ध थाप आहे, आणि ती असं सांगते की याने मनावर घेतलं तर याला बोलता येतं, हा उगाच नाटकं करतो. हे खरं मानून मुलांना घरी मारणारे आईबाप आहेत. त्यांना ही कल्पना तुम्ही दिली असं मी म्हणत नाही, ती तुमच्याही आधीची आहे. पण तुम्ही ती दर आठवड्याला पुन्हा खरी करून दाखवता.

आम्ही अडखळणारी माणसं दर आठवड्याला भेटतो. स्वमदत गट आहे आमचा. तिथे सातवीतला एक मुलगा त्याच्या आईबरोबर येतो. वर्गात हजेरीच्या वेळी त्याचा ‘हजर’ अडतो. एकदा आदल्या रात्रीच्या प्रहसनातलं वाक्य मागच्या बाकावरून कुणीतरी जसंच्या तसं म्हटलं, त्याच हेलात, त्याच टायमिंगने. वर्ग हसला. बाईंनाही हसू आवरलं नाही. तेव्हापासून तो ‘हजर’ म्हणत नाही, हात वर करतो. मग हळूहळू त्याने प्रश्न विचारणं सोडलं. त्याच्या वहीत उत्तरं बरोबर असतात, पण तोंडी परीक्षेत तो ‘येत नाही’ म्हणतो, कारण ‘येत नाही’ हे दोन शब्द त्याला न अडता म्हणता येतात. त्याचं अडखळणं त्या हशामुळे सुरू झालं नाही आणि तो हशा बंद झाल्याने थांबणारही नाही. त्या हशाने त्याचं बोलणं थांबवलं.

मी याला ‘भावना दुखावणं’ म्हणत नाही, आणि माझं म्हणणं इथूनच सुरू होतं.

भावना दुखावल्या हे कारण आपल्याकडे कुणी आणि कसं वापरलं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुण मुलींना एका फेसबुक पोस्टवरून पोलिसांनी पकडलं. एकीने पोस्ट लिहिली होती, दुसरीने ती फक्त ‘लाइक’ केली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ हे कलम तेव्हा लागू होतं, आणि त्यात एखाद्याला त्रासदायक वाटणारा मजकूरसुद्धा गुन्हा ठरत होता. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. एकाला जे झोंबतं ते दुसऱ्याला झोंबत नाही, मग गुन्हा कोणत्या मापाने मोजायचा, हा त्यातला सरळ प्रश्न होता. मला हा निकाल पूर्ण पटतो. त्याच्याही कितीतरी आधी, १९४६ साली, नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगून ठेवलं होतं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने मोजावा. डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे. मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरून झालेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने याच मापाचा आधार घेतला.

दुखावलेल्या भावना हे माप म्हणून वापरलं की ज्याच्या मागे जमाव मोठा, त्याची भावना मोठी ठरते. खुर्च्या मोडू शकणारा, प्रयोग बंद पाडू शकणारा, पोलीस ठाण्यात शंभर माणसं घेऊन जाऊ शकणारा माणूस जास्त दुखावला गेला असं धरलं जातं. अडखळणाऱ्यांनी कधी मोर्चा काढलेला तुम्ही पाहिलाय? खरं तर मोर्चा आम्हाला सोपा जावा. एका सुरात बोलताना अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं, गाताना तर होतंच. शंभर जणांनी मिळून घोषणा दिल्या तर आमच्यातला कुणीही अडणार नाही. पण तसा मोर्चा निघावा अशी माझी इच्छा नाही. उद्या आम्ही तुमचा सेट फोडला तर तुम्ही आमच्यावरचे विनोद बंद कराल, आणि ते फक्त भीतीने बंद कराल. त्यातून त्या सातवीतल्या मुलाला काहीच मिळणार नाही.

एक उदाहरण माझ्या मांडणीला अडचणीचं आहे, ते टाळणं बरं नाही. मे २०१२ मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली काढलेलं ते चित्र होतं. संविधान नावाच्या गोगलगायीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेले, मागे चाबूक उगारलेले नेहरू. सरकारने चित्र मागे घेतलं, पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पुण्यात विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. तोडफोड सरळसरळ चूक होती. पण चित्रावर आक्षेप घेणारे सगळेच काही खुर्च्या मोडणारे नव्हते. चित्रातला चाबूक बघून वर्ग हसायला लागला तर त्या वर्गात बसलेल्या दलित मुलाने कुठे बघायचं, हा प्रश्न अनेकांनी विचारला होता, आणि तो खरा होता. त्याचं उत्तर वर्गात मिळायला हवं होतं. शिक्षकाने चित्राचा काळ सांगायचा, हे चित्र काढणारा कुठून बघत होता ते सांगायचं, मुलांना त्याच्याशी भांडू द्यायचं. तसं घडलं नाही. एका बाजूने ‘अपमान’ म्हटलं, दुसऱ्या बाजूने ‘अभिव्यक्ती’ म्हटलं, आणि वर्गातल्या त्या मुलाचं काय हे विचारणारं मधे कुणी उरलं नाही. तेव्हापासून माझं मत झालं आहे की विनोदाची हद्द शोधायची तर दुखावलेल्याचा आवाज किती मोठा हे बघू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कुठे आणि कुणासमोर उभं राहावं लागतं ते बघावं.

पुढाऱ्यावर विनोद झाला तर दुसऱ्या दिवशी पुढारी पुढारीच असतो. त्याची गाडी तीच, खुर्ची तीच. फार तर चिडेल. मी ज्याच्याविषयी लिहिते आहे तो मुलगा दुसऱ्या दिवशी हजेरीला उभा राहतो आणि काल रात्रीचा विनोद वर्गात त्याच्यावर घडतो, नट बदलून.

आणि आता मूळ तक्रार. तुम्ही चुकीच्या माणसांना घाबरताय.

गेल्या काही वर्षांत तुमच्या संहितांमधून काय काय गेलं, ते आठवून बघा. खऱ्या मंत्र्याचं नाव गेलं. पक्षाचं चिन्ह गेलं. जातीचा उल्लेख गेला, देवाचा गेला, महापुरुषांविषयी तर बोलायलाच नको. या प्रत्येक गोष्टीमागे तोडफोडीची, खटल्याची, नाहीतर जाहिरातदार पळण्याची भीती होती, आणि ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण आठवड्याचे दोन-तीन भाग तर भरायचेच आहेत. मग राहिलं काय? जाड बाई. काळी मुलगी. टकला. साडी नेसलेला पुरुष. बहिरा म्हातारा. चकणा. आणि आम्ही. आमच्यापैकी कुणी खुर्च्या मोडत नाही, म्हणून आम्ही उरलो. तुमचा धीर जिथे संपतो तिथे आमची पाळी येते. त्यामुळे एखाद्या कलाकाराला राजकीय विनोदावरून धमकी येते तेव्हा मला त्याची काळजी वाटते आणि आमचीही वाटते, कारण त्याची ती दोन मिनिटं आता आमच्या वाट्याला येणार असतात.

आपल्याकडे हे नेहमीच असं नव्हतं. तमाशातला सोंगाड्या गावासमोर राजाची, प्रधानाची, पाटलाची फिरकी घेत आला. समोर खुद्द पाटील बसलेला असायचा आणि तरी घ्यायचा. एकनाथांच्या भारुडांत बहिरा आहे, मुका आहे, आंधळा आहे, पण तो ‘मी’ म्हणून बोलतो. बहिरा झालेला मीच, कारण हरिकीर्तन मी ऐकलं नाही. बोट स्वतःकडे आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाकडे असतं. तिथेही शरीरातलं न्यून हे दोषाचं रूपक म्हणून येतं, आणि बहिऱ्या माणसाला ते आज कसं वाटेल हे मी त्याच्या वतीने सांगू शकत नाही. पण दुसऱ्याच्या बहिरेपणावर गाव हसवण्याचा तो खेळ नाही. त्याच मातीतले तुम्ही आहात, म्हणून तुमच्याकडून अपेक्षा करते.

मग आमच्यावर विनोद करायचाच नाही का? करा. जरूर करा. पण आधी आमच्या गटातला एक विनोद ऐका.

आमच्यातल्या एकाला पुण्यात पीएमटीच्या, म्हणजे शहराच्या बसने रोज डेक्कनला उतरायचं असायचं. कंडक्टर समोर आला की त्याचा ‘ड’ निघायचा नाही. मागे गर्दी, कंडक्टर घाईत. ‘स्वारगेट’ मात्र त्याला म्हणता यायचं. मग तो स्वारगेटचं तिकीट काढायचा आणि डेक्कनलाच उतरायचा. असं बरेच महिने चाललं. एक दिवस तो डेक्कनला उठला तर कंडक्टर ओरडला, “अहो, स्वारगेट पुढे आहे, बसा!” सगळी बस बघायला लागली. समजावून सांगायचं तर पुन्हा ‘ड’ आला. म्हणून तो मुकाट खाली बसला, स्वारगेटपर्यंत गेला आणि तिथून चालत परत आला. हे त्याने सांगितलं तेव्हा आम्ही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. पुढे तो म्हणाला, “पीएमटी तोट्यात आहे म्हणतात, पण माझ्याकडून त्यांना तोटा नाही.”

सांगताना तो दोनदा अडला, आणि त्या अडण्यावर कुणी हसलं नाही. हशा होता तो त्याच्या युक्तीवर, कंडक्टरच्या भलेपणावर आणि त्या भल्या माणसामुळे याची जी पायपीट झाली तिच्यावर. आमच्यातल्या प्रत्येकाने असं चुकीचं तिकीट कधी ना कधी काढलेलं आहे. बोलण्यात न अडखळणारी माणसंसुद्धा यावर हसतील, कारण खरं सांगायला लाजून भलतीकडेच जाऊन पोचणं कुणाला नवीन नाही. या विनोदात अडखळणाऱ्या माणसाला कुठेतरी जायचं आहे. तुमच्या प्रहसनातल्या पात्राला कुठेच जायचं नसतं. त्याचं अडखळणं काढून घेतलं तर तिथे माणूस उरत नाही, आणि म्हणून त्याचा काही विनोदही उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ च्या एका निकालात जवळपास हेच म्हटलं आहे. ‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटाविरुद्ध अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे निपुण मल्होत्रा न्यायालयात गेले होते. त्यात अडखळणाऱ्या पात्राला ‘अटकी हुई कॅसेट’ म्हटलं होतं, ऐकू न येणाऱ्याला ‘साउंडप्रूफ सिस्टीम’. न्यायालयाने चित्रपटाला हात लावला नाही, आणि ते योग्यच झालं. पण तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने फरक समजावून सांगितला. एक विनोद अपंगत्वाविषयी असतो, तो आपल्या ठाम समजुतींना धक्का देतो आणि समज वाढवतो. दुसरा विनोद माणसाला हिणवतो आणि आणखी पंगू करून ठेवतो. आमच्याविषयी लिहिताना आम्हाला सोबत घ्या, असंही त्या निकालात आहे. मला त्यातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो आणि तुमच्याकडे सगळ्यात कमी दिसतो.

पुढच्याच वर्षी, २५ ऑगस्ट २०२५ रोजी, अपंग व्यक्तींची टिंगल केलेल्या काही स्टँडअप कलाकारांना सर्वोच्च न्यायालयाने माफी मागायला लावली आणि सरकारला अशा मजकुरासाठी मार्गदर्शक सूचना तयार करायला सांगितलं. ज्यांनी ती याचिका केली त्यांची वेदना मला कळते. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा स्नायू दुबळे करत नेणारा आजार झालेल्या बाळांच्या महागड्या उपचारांवर कुणी हसवत असेल तर त्या आईबापांनी दार ठोठवायचं तरी कुठे? तरीही सरकारी सूचनांची मला धास्ती वाटते. आमच्यासाठी म्हणून लिहिलेला नियम आमच्यापाशी थांबत नाही. त्याच नियमाने उद्या मंत्र्याची प्रतिष्ठा जपली जाईल, आणि मग तुमच्या हातात पुन्हा आम्हीच उरू. हुकमाने मागितलेल्या माफीत माफी किती आणि हुकूम किती, हे ऐकणाऱ्यालाही कळतं.

म्हणजे कायद्याचं माप नागपूरच्या त्या निकालातलंच असू द्या, खंबीर आणि धीट माणसाचं. पण ते माप तुरुंगात कुणाला टाकायचं हे ठरवण्यासाठी आहे. प्रहसन चांगलं की वाईट हे ठरवायला ते पुरत नाही. लेखकाने लिहिताना हजेरीला उभ्या राहणाऱ्या मुलाचं माप घ्यावं. कायद्याने जे चालतं ते सगळं लिहिलंच पाहिजे अशी सक्ती कुणी केलेली नाही.

तुमच्यापैकी काहींची उत्तरं मला पाठ आहेत. ‘आम्ही सगळ्यांवरच करतो’ हे त्यातलं पहिलं. नाही करत, वर लिहिलंय ते. दुसरं, ‘पूर्वी हे चालायचं, आता लोक फार हळवे झालेत.’ पूर्वीही लागायचं. तेव्हा आम्ही काही बोलत नव्हतो, आणि आम्ही का बोलत नव्हतो हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. तिसरं उत्तर, ‘आमच्या नटाने फार मेहनत घेतली होती’, हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण ती मेहनत दिसते. श्वास, जागा, टायमिंग, सगळं नेमकं असतं. इतकं कौशल्य असलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं लिहून द्यायला हवं होतं. आणि जो कलाकार स्वतः अडखळतो आणि स्वतःवर विनोद करतो, त्याला माझ्यासकट कुणीही हे शिकवायला जाऊ नये. काय सांगायचं आणि कुठे थांबायचं हे त्याला ठाऊक आहे.

आता मागण्या. मोठ्या नाहीत.

अडखळणारं पात्र लिहिलंत तर तालमीआधी ती संहिता एका अडखळणाऱ्या माणसाला वाचायला द्या आणि वाचण्याचे पैसे द्या. तो हसला तर जागा ठेवा. गप्प बसला तर का गप्प बसला ते विचारा, आणि उत्तर द्यायला त्याला लागेल तेवढा वेळ थांबा. धपाटा काढून टाका, तो कायमचाच काढा, त्याच्या बाजूने बोलण्यासारखं काहीही नाही. चित्रीकरणाच्या वेळी नटाने अ‍ॅडिशन म्हणून ऐनवेळी तोतरेपणा घातला तर संकलनात तो कापायचा अधिकार दिग्दर्शकाला आहे, तो वापरा. पाहुण्यांच्या हसण्याचे शॉट कुठे लावायचे हे तुम्ही ठरवता. काय हसण्यासारखं आहे हे घरच्या प्रेक्षकाला त्या शॉटवरून कळतं, सातवीच्या वर्गाला तर नक्कीच. वाहिन्यांना एवढंच म्हणेन की राजकीय विनोद वकिलांकडून तपासून घेण्यात जेवढा वेळ जातो, त्याचा दहावा हिस्सा इकडे द्या. आणि तुमच्या एखाद्या लेखकाने सत्तेवर चांगला विनोद लिहिला तर त्याच्या पाठीशी उभे राहा. त्यात आमचाही फायदा आहे.

आमचा गट शनिवारी संध्याकाळी भेटतो. तुमच्यापैकी कुणी लेखक आला तर त्याला हवं तेवढं ऐकायला मिळेल. इतक्या गोष्टी आहेत आमच्याकडे, फोनच्या, मुलाखतींच्या, लग्नाच्या बैठकींच्या, की तुमचे कितीतरी भाग निघतील. स्वारगेटच्या तिकिटाचा किस्सा सांगणाऱ्याला मी विचारून घेतलं आहे. तो वापरायला त्याची हरकत नाही, फक्त ते काम करणाऱ्या नटाला एकदा भेटायची त्याची इच्छा आहे.

आपली,
तुमचे कार्यक्रम नियमित बघणारी एक प्रेक्षक